एसटीत राहिली मोठ्या बाबांची खंजिरी: प्रवासात वस्तू सुटली तर पहिल्या तासात काय करायचं?

नागपूर : पाचगाव मागे गेलं आणि मोठ्या बाबांनी एकदम माझा हात धरला. "माही थैली कुठी हाय?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला आम्ही दोघं मोझरीला गेलो होतो. परतताना मोझरीहून एसटीने नागपूर, तिथून दुसऱ्या एसटीने उमरेडमार्गे गाव. नागपूरला उतरताना घोंगडी घेतली, जेवणाचा डबा घेतला, प्रसादाचा पुडा घेतला. पण वरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात सरकवलेली खादीची थैली तिथेच राहिली. त्या थैलीत खंजिरी होती.

बाजारात खंजिरी काही शेकड्यांत मिळते. ही मात्र मोठ्या बाबांच्या वडिलांची. गावच्या गुरुदेव सेवा मंडळात सामुदायिक प्रार्थनेनंतर हीच वाजायची. तिची एक चकती कधीतरी पडली, तेव्हा म्हाताऱ्याने तिथे जुना भोकाचा पैसा तारेने बांधला. इंग्रजांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धात तांब्याची बचत व्हावी म्हणून असे मध्ये भोक असलेले पैसे १९४३ पासून निघाले होते. तो पैसा इतर चकत्यांपेक्षा जरा वेगळा वाजतो. गावात डोळे मिटूनही लोक सांगतात, ही त्यांचीच खंजिरी.

मोठे बाबा काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर पाहत बसले. मी म्हटलं, उमरेडला उतरून वापस जाऊ. तेवढ्यात तिकीट कापत आलेल्या कंडक्टरने विचारलं, काय झालं बाबाजी? सगळं ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "पहिल्या गाडीचं तिकीट हाय काय? का फेकलं?"

तिकीट होतं. सुपारीच्या पुडीसोबत चुरगळून बंडीच्या खिशात. त्या चिठोऱ्यानेच पुढचं काम झालं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख. आपल्या जिल्ह्यातून रोज हजारो लोक नागपूरला ये-जा करतात. कोणी मेडिकलला, कोणी कोर्टात, कोणी पोरीच्या ॲडमिशनला. वस्तू राहते तेव्हा बहुतेकांना वाटतं, गेली ती गेली. तसं नसतं.

एसटीत राहिलं तर

एसटीची गाडी म्हणजे रस्त्यावरची अनोळखी गाडी नव्हे. तिला आगार आहे, वाहक आहे, चालक आहे, फेरीची नोंद आहे. महाराष्ट्राच्या मोटार वाहन नियमांतही हे आहे की फेरी संपल्यावर गाडीत प्रवाशाचं काही राहिलं का, हे पाहायचं आणि सापडलं तर ते कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात जमा करायचं. म्हणजे कंडक्टर तुमच्यावर उपकार करतो असं नाही, ते त्याच्या कामातच येतं. तरीही जो मन लावून करतो त्याचे आभार मानायलाच हवेत, ही गोष्ट वेगळी.

अडचण एवढीच की गाडी कोणती होती, हे आपल्याला सांगता येत नाही. "लाल एसटी होती, दुपारची" एवढ्यावर कोणी शोधू शकत नाही. तिकिटावर तारीख, वेळ, तिकिटाचा क्रमांक आणि कुठून कुठे हे छापलेलं असतं. त्यावरून त्या वेळी त्या मार्गावर कोणता वाहक होता, हे आगारातली माणसं काढू शकतात. म्हणून घरी पोहोचेपर्यंत तिकीट फेकायचं नाही. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास असला तरी कागद हातात मिळतोच. पैसे लागले नाहीत म्हणून तो कागद बिनकामाचा ठरत नाही.

तिकीट नसेल तर गाडीवर लिहिलेलं आगाराचं नाव आठवा. गाडीच्या नंबरवरून आगार ओळखायला जाऊ नका. पुष्कळ जणांना वाटतं, एमएच ४० म्हणजे नागपूरचीच गाडी. पण एसटीच्या अनेक गाड्यांची बांधणी हिंगण्याच्या कार्यशाळेत होते आणि तिथून त्या दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आगारांना जातात. पुण्याच्या दापोडीतून आणि संभाजीनगरच्या चिकलठाण्यातून निघणाऱ्या गाड्यांचंही तसंच. नंबर पूर्ण आठवत असेल तर सोन्याहून पिवळं, पण नुसतं एमएच ४० सांगून काही कळत नाही.

मग कोणाला गाठायचं? बसस्थानकावर चौकशी खिडकीच्या आत वाहतूक नियंत्रक बसतात. कोणती गाडी केव्हा आली, केव्हा सुटली, हे त्यांच्याकडे असतं. गाडी स्थानकातच उभी असेल तर पाच मिनिटांचं काम. निघून गेली असेल तर ते पुढच्या स्थानकावर किंवा आगारात कळवू शकतात. एसटीचा टोल फ्री क्रमांक १८०० २२ १२५० हाही आहे. पण माझा अनुभव असा की शक्य असेल तर स्थानकावर स्वतः जाऊन उभं राहावं. माणूस समोर असला की काम लवकर हलतं.

इथे एक घोळ नागपुरात हमखास होतो. आपण गणेशपेठच्या मध्यवर्ती स्थानकावर उतरतो की मोरभवनला, हे गडबडीत लक्षात राहत नाही. त्यात शहरात गणेशपेठ, घाट रोड, इमामवाडा, वर्धमाननगर अशी वेगवेगळी आगारं, आणि बाहेर काटोल, सावनेर, रामटेक, उमरेड. तुम्ही चौकशी एका ठिकाणी करता आणि थैली दुसऱ्याच आगारात पडलेली असते. शिवाय मोरभवनहून शहराची 'आपली बस'ही सुटते, ती एसटीची नाही. त्यामुळे चौकशीला जाण्याआधी आपण कुठे चढलो, कुठे उतरलो, गाडी कुठून आली होती आणि पुढे कुठे जाणार होती, एवढं कागदावर लिहून काढा. घाबरलेल्या माणसाची आठवण फार दगा देते.

आमच्या वेळी कंडक्टरने तिकिटावरचे आकडे वाचले आणि आपल्या ओळखीने दोन फोन लावले. एका ठिकाणी फोन नुसताच वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणाहून कळलं की ती गाडी अमरावतीकडे परत निघालीसुद्धा.

रेल्वेत राहिलं तर

रेल्वेचं काम यापेक्षा सोपं आहे, कारण एकच नंबर लक्षात ठेवायचा: १३९. पूर्वी सुरक्षेसाठी १८२ असा वेगळा क्रमांक होता, आता सगळे यातच आले. 'रेलमदत' नावाचं ॲप आणि संकेतस्थळही आहे, तिथेही तक्रार टाकता येते.

नागपुरात मध्य रेल्वेचा एक विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा दुसरा, दोघांचंही नाव नागपूर विभागच. कोणती गाडी कोणाची, हे शोधत बसू नका. १३९ दोघांनाही लागू आहे.

समजा तुम्ही नागपूरला उतरलात आणि गाडी मुंबईकडे निघून गेली. फलाटावरून गाडीमागे धावू नका, तो जिवाशी खेळ आहे. गाडी क्रमांक, डबा, आसन क्रमांक आणि पीएनआर सांगा. पुढचा थांबा बहुधा वर्धा असतो, तास-सव्वा तासाचा रस्ता. तेवढ्या वेळात तिथल्या रेल्वे सुरक्षा दलाला, म्हणजे आरपीएफला निरोप गेला, तर गाडी थांबताच जवान त्या आसनापाशी जाऊन पाहतो. इटारसीच्या बाजूला काटोल, नरखेड, पांढुर्णा. गोंदियाच्या बाजूला कामठी, भंडारा रोड, तुमसर. पण सुपरफास्ट गाड्या यातल्या बऱ्याच ठिकाणी थांबत नाहीत, म्हणून पुढचा थांबा कोणता हे आधी पाहावं. जनरल डब्यातून आलात तर आसन क्रमांक नसतो. मग डबा इंजिनच्या बाजूचा होता की मागचा, इंजिनपासून कितवा, आणि सामान वर होतं की बाकाखाली, हे सांगावं लागतं.

प्रवाशांचं राहिलेलं सामान शोधून परत देण्याच्या कामाला आरपीएफने 'ऑपरेशन अमानत' असं नाव दिलं आहे. सामान सापडलं की ते पोस्टवर ठेवतात, यादी करतात आणि ओळख पटल्यावर मालकाला देतात. लॅपटॉप, दागिन्यांची पर्स, लग्नाच्या साड्यांची बॅग, असं काय काय परत गेल्याच्या बातम्या येतच असतात.

आरपीएफ आणि लोहमार्ग पोलीस यांच्यात आपला गोंधळ होतो. आरपीएफ रेल्वेचं, ते राहिलेलं सामान शोधेल. पण चोरी झाली असेल आणि गुन्हा नोंदवायचा असेल तर काम लोहमार्ग पोलिसांचं, ते राज्य सरकारचे. चालत्या गाडीत चोरी झाल्याचं लक्षात आलं तर उतरायची गरज नाही. तिकीट तपासनीस किंवा गाडीतल्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो, तो भरून त्यांच्याच हाती द्यायचा.

आता एक कडू गोष्ट. सामान गेलं तर रेल्वे भरपाई देईल का? बहुतेक वेळा नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १०० सांगतं की जे सामान रेल्वेकडे रीतसर बुक करून पावती घेतली, त्याची जबाबदारी रेल्वेची. जे तुम्ही स्वतःजवळ ठेवलं, ते गेलं तर रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीमुळे गेलं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असाच निकाल दिला. एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेले होते. ग्राहक आयोगांनी त्याच्या बाजूने कौल दिला होता, पण न्यायालय म्हणालं, प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकला नाही तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही. निकाल कोणाला पटो न पटो, कापसाचे पैसे कमरेला बांधून जाणाऱ्याने तो ध्यानात ठेवलेला बरा.

बाबासाहेबांची पुस्तकं

या बुक केलेल्या सामानावरून एक जुनी गोष्ट आठवते. दीक्षाभूमीवरून पुस्तकांच्या थैल्या घेऊन गाडीत चढणारे हजारो लोक आपण दरवर्षी पाहतो. ज्यांच्यामुळे ती पुस्तकं घरोघरी गेली, त्या बाबासाहेबांनी प्रवासात आपलीच पुस्तकं गमावली होती.

साल १९१७. पहिलं महायुद्ध चालू. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पुस्तकांसह सामान त्यांनी थॉमस कुक या प्रवासी कंपनीमार्फत वेगळ्या जहाजाने पाठवलं आणि स्वतः दुसऱ्या जहाजाने ऑगस्टमध्ये मुंबईला आले. सामानाचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. भरपाई म्हणून त्यांना ६०० रुपये मिळाले आणि बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याचा खर्च त्यातून निघाला. पुस्तकं गेली, पण रीतसर सोपवलेल्या सामानाचे निदान पैसे तरी आले.

याच्या पाच वर्षं आधी त्याच लंडनमध्ये उलटं घडलं. १९१२ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी आपल्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वहीत उतरवून सोबत नेले होते. वही ज्या बॅगेत होती ती मुलाच्या हाती होती, आणि तो भुयारी रेल्वेतून उतरताना ती विसरला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बॅग रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत जशीच्या तशी मिळाली. त्या वहीतूनच इंग्रजी 'गीतांजली' झाली आणि १९१३ मध्ये नोबेल आलं. कोणा अनोळखी माणसाने ती बॅग उचलून कचेरीत दिली. त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

ऑटो, काळीपिवळी, मेट्रो

काळीपिवळी आणि शेअर ऑटोत तिकीट नसतं, पण त्यांचा नाका ठरलेला असतो. ज्या नाक्यावरून बसलात तिथे परत जा. एकाच मार्गावर तीच ती माणसं फिरतात, चालकाचा चेहरा-मोहरा सांगितला, गाडीला मागे काय लिहिलं होतं ते सांगितलं, की दुसरा चालक नाव सांगतो. "मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं" एवढं मात्र पुरणार नाही, निम्म्या गाड्यांवर तेच असतं. मोबाइल ॲपवरून ऑटो किंवा टॅक्सी मागवली असेल तर त्या फेरीच्या नोंदीत हरवलेल्या वस्तूसाठी पर्याय असतो, तिथून चालकाशी संपर्क होतो.

नागपूर शहरात चौकाचौकांत कॅमेरे आहेत. ऑटोत पर्स राहिली आणि नंबर माहीत नाही, तर पोलीस त्यावरून गाडी शोधू शकतात. पण त्यासाठी चौक कोणता आणि वेळ किती, हे नेमकं हवं. "सकाळी" नाही, "सव्वाअकरा, झाशी राणी चौक" असं. आणि जावं त्याच दिवशी. कॅमेऱ्यातलं चित्र कायमचं राहत नाही, काही दिवसांनी त्यावर नवं चित्र चढतं.

मेट्रोत काही राहिलं तर त्या नाहीतर पुढच्या स्टेशनवर कर्मचाऱ्याला सांगा. सीताबर्डीला मार्गिका बदलताना घाई होते, तिथे सामान मोजून घ्या.

मोबाइल राहिला तर

हातात मोबाइल, त्यातच पैसे, आधार, तिकीट, फोटो सगळं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिलं, दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या नंबरवर फोन करा. उचलला तर भांडू नका, धमकी देऊ नका. "भाऊ, फोन सापडला का, कुठे येऊ घ्यायला?" असं विचारा. कोणी फोन करेल म्हणून वाट पाहत असलेला माणूस आवाज चढला की फोन बंद करतो. अँड्रॉइड फोन असेल तर दुसऱ्या फोनवर आपल्या गुगल खात्याने जाऊन आपला फोन नकाशावर पाहता येतो, वाजवता येतो, कुलूपबंदही करता येतो.

फोन बंद लागला, की मग थांबू नका. सिम कंपनीला कळवून सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय बंद करा. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३०. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे आणि तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर पोलिसांत नोंद करा आणि केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फोन ब्लॉक करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. तक्रारीची प्रत लागते, आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कोणी दुसरं सिम टाकलं तर त्याचा माग पोलिसांना लागू शकतो. फोन सापडला की तिथूनच पुन्हा सुरूही करता येतो.

आयएमईआय हा १५ अंकी आकडा फोनच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. आत्ता हा लेख वाचता आहात त्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आकडा समोर येईल. तो घरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. फोनमध्येच लिहून ठेवाल तर फोनसोबत तोही जाईल.

कागदपत्रं

आधार कार्ड हरवलं म्हणून रडत बसायचं कारण उरलेलं नाही. ई-आधार उतरवून घेता येतं, १९४७ वर विचारता येतं. सातबाराही डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. लायसन्स, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात.

जीव जातो तो मूळ गुणपत्रिकांवर. बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते, पण फेऱ्या आणि वेळ जातो, आणि ॲडमिशनची तारीख थांबत नाही. एका प्लास्टिकच्या पिशवीत दहावी, बारावी, टीसी, जातीचा दाखला, जात पडताळणी सगळं घालून गर्दीच्या एसटीत चढणारी पोरं पाहिली की माझ्याच पोटात गोळा येतो. फोटो काढून ठेवा, आणि पिशवीवर आतून-बाहेरून फोन नंबर लिहा. नंबर स्वतःचा नको, घरच्या दुसऱ्या कोणाचा.

हरवलं की चोरी गेलं?

पोलीस ठाण्यात गेल्यावर हा फरक मोठा आहे. हरवल्याची नोंद म्हणजे फक्त नोंद, तिचा उपयोग दुसरी प्रत काढायला होतो. चोरी म्हणजे गुन्हा, त्याचा एफआयआर होतो आणि तपास होतो. गळ्यातलं डोरलं गर्दीत कोणी कापलं असेल आणि तुम्ही "हरवलं" असं लिहून दिलंत, तर पुढे तपासाचा आग्रह धरता येत नाही. जे झालं तेच लिहा.

"ही हद्द आमची नाही" असं म्हणून कोणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर म्हणून सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग तो कुठेही घडो. वर्धा ते नागपूर दरम्यान चोरी झाली आणि तुम्ही थेट घरी पोहोचलात, तरी आपल्या जवळच्या ठाण्यात ती द्यायला हरकत नाही. खबर ऑनलाइनही देता येते, पण मग तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

तुम्हालाच सापडलं तर?

कायद्यात याचं एक गमतीदार उदाहरण दिलेलं आहे. रस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, कोणाचा आहे काही माहीत नाही, आणि तुम्ही उचलला, तर तो गुन्हा नाही. पण समोरच्या माणसाचं पाकीट पडताना तुम्ही पाहिलं, परत द्यायला म्हणून उचललं आणि नंतर मन फिरून स्वतःकडे ठेवलं, तर गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, शिवाय दंड. मालक कोण ते माहीत असूनही किंवा शोधण्याचा प्रयत्न न करता वस्तू वापरली, विकली, तरी तेच कलम.

दुसऱ्या बाजूने कायदा सापडणाऱ्याचीही कदर करतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार वस्तू सांभाळायला, मालक शोधायला जो खर्च झाला, तो मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर तेही मागता येतं, अगदी कोर्टात जाऊनही. एवढ्यावर कोणी जात नाही म्हणा. चहा-पाणी होतं आणि विषय मिटतो.

सापडलेली थैली घरी नेऊ नये, हे मात्र खरं. एसटीत सापडली तर वाहकाकडे, रेल्वेत आरपीएफकडे, रस्त्यावर असेल तर ठाण्यात. बेवारस बॅग दिसली आणि कोणाची ते कळत नसेल तर ती उघडू नका, हलवू नका, ११२ ला कळवा.

खूण काय?

वस्तू सापडली तरी ती तुमचीच, हे कसं पटवणार? इथे भलेभले अडखळतात. काळी बॅग, निळी थैली, स्टीलचा डबा, अशा शंभर वस्तू असतात. बाहेरून न दिसणारी एखादी खूण सांगितली तर देणारा निर्धास्तपणे देतो.

नागपूरच्या रघुजी राजे भोसल्यांच्या तलवारीचंच घ्या. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात निघाली. ती रघुजींची, हे सांगणारा पुरावा तिच्या पात्यावरच होता, सोन्याने कोरलेला देवनागरी लेख. राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. आपल्या वस्तूंना सोन्याचा लेख नको, मार्करने आत नाव आणि गावाचं नाव लिहिलं तरी चालतं. दागिने असतील तर अंगावर घातलेला एक फोटो आणि सोनाराची पावती. पूर्वी आजीबाई तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव टाकून घ्यायच्या, पंगतीत भांडी बदलू नयेत म्हणून. त्यात मोठा शहाणपणा होता.

आमची थैली अमरावती जिल्ह्यातल्या एका आगारात जमा झाली होती. कंडक्टरला ती गाडी झाडताना दिसली आणि त्याने ती नोंद करून दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. खिडकीपलीकडच्या साहेबांनी तिकीट पाहिलं, आधार पाहिलं आणि थैली समोर न आणताच विचारलं, "आत काय आहे?"

"खंजिरी."

"ते ठीक. खूण सांगा काही."

मोठे बाबा म्हणाले, "सात चकत्या हायेत. आठवी चकती नाही, भोकाचा पैसा हाय. तांब्याच्या तारेनं बांधला हाय, आन् तारेचं टोक आतल्या बाजूनं वळवलं हाय, बोटाले लागू नये म्हणून."

साहेबांनी थैलीत हात घातला, बोटाने चाचपलं आणि हसले. रजिस्टरवर सही घेतली. मोठ्या बाबांनी खंजिरी हातात घेऊन थाप मारून पाहिली. रात्रभर गारठ्यात राहिल्याने कातडं सैल झालं होतं, आवाज बसका आला. ते स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि भट्टीच्या आचेवर खंजिरी धरून बसले. चहावाल्याने विचारलं, काय करून राहिले बाबाजी? ते म्हणाले, "थांब. तापू दे जरा."